बेचाळीस पंच आणि एक कावळा

घर भाड्याने देण्याआधी जर्मन मालक काय काय मागतो हे आपल्या लोकांना आता तोंडपाठ आहे. तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, कुणाचे पैसे थकवले नसल्याचा शूफाचा दाखला, आधीच्या मालकाचं पत्र. मीही सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून गेलो होतो. आमच्या मालकांनी फोल्डर उघडलासुद्धा नाही. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यातलं जेवढं खरं असेल तेवढंच मोठ्याने वाचा."

कागदावर बेचाळीस वाक्यं होती. मी चोरी केली नाही. मी खोटं बोललो नाही. मी दाराआडून कुणाचं ऐकलं नाही. मी काट्यात खोट केली नाही. मी खऱ्या शब्दाला बहिरा झालो नाही. मला वाटलं, ही हाउसओर्डनुंग असणार, इमारतीची नियमावली. जिन्यात सायकल ठेवू नका, रविवारी ड्रिल चालवू नका हे जिथे छापून लावतात तिथे हेही छापत असतील. हॉस्टेलची खोली महिनाअखेरीला सोडायची होती, दुसरीकडे कुठे दाद लागत नव्हती. शाळेत प्रतिज्ञा म्हणायचो तशी बेचाळीसच्या बेचाळीस वाक्यं मी धडाधड वाचून टाकली.

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सगळी?"

"जा," मी म्हणालो. म्हणजे हो.

"मी आयुष्यभर तपासणीचीच नोकरी केली. सगळी म्हणणारा पहिलाच भेटतोय. माझी स्वतःची एकोणीस होतात." चष्मा परत नाकावर आणत ते पुढे म्हणाले, "पण तुमचे उच्चार चांगले आहेत. एक तारखेला या."

ही कायझर्सलाउटर्नची गोष्ट, दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची. तिथेच शिकून मी एका संशोधन संस्थेत नुकताच लागलो होतो. घर जंगलाच्या कडेच्या चढावर होतं. खाली मालक एकटे, वर उतरत्या छपराखाली मी. पहिला महिनाभर रोज सकाळी त्या छपराला डोकं आपटायचं आणि खालून मालक ओरडून किती वाजले ते सांगायचे.

मालक वजनमापांच्या सरकारी खात्यात निरीक्षक होते. खाटकाचा काटा, पेट्रोलपंपाचं मीटर, बाजारातली वजनं तपासायची आणि शिक्का मारायचा. त्यातून इजिप्त कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. तर तरुणपणी पावसात अडकले म्हणून एका म्युझियममध्ये शिरले, तिथे एक चित्र होतं. मेलेल्या माणसाचं काळीज एका पारड्यात, दुसऱ्यात एक पीस, आणि कोल्ह्याच्या तोंडाचा देव खाली वाकून लोलक हाताने स्थिर करतोय. बाकीचे लोक देव बघत होते, हे काटा बघत होते. पद्धत अगदी बरोबर होती म्हणे. आपल्या खात्याला देव आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि मग ते त्याच्या मागेच लागले. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चित्रलिपी शिकले.

पण पिरॅमिड म्हटलं की तोंड वाकडं करायचे. राजे, ममी, सोन्याचे मुखवटे ही सगळी बांधकाम खात्याची भानगड, असं त्यांचं मत. त्यांचा जीव होता तो मेल्यानंतरच्या वाटेवरच्या बारक्यासारक्या मंडळींवर. दारोदार सुऱ्या घेऊन बसलेले राखणदार, ज्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि काट्याच्या दालनात ओळीने बसलेले बेचाळीस पंच, प्रत्येकाकडे एकेक गुन्हा वाटून दिलेला. त्यांची नावंही भारी. हाडं मोडणारा, सावल्या गिळणारा, पांढऱ्या दातांचा, तोंड मागे असलेला. मेलेल्या माणसाने एकेकाला नावाने हाक मारून सांगायचं, की बाबा रे, तुझ्या हद्दीतलं पाप मी केलेलं नाही. माझ्या हातात आला होता तो हाच कागद.

घरातलं प्रत्येक दार मालकांनी यांच्यापैकी कुणाला तरी नेमून दिलं होतं. स्वयंपाकघराला पांढऱ्या दातांचा, तळघराला सावल्या गिळणारा, संडासाला तोंड मागे असलेला. चौकटीवर कार्ड चिकटवलेलं. नाव उच्चारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मीटर बघायला येणारा माणूस, धुराडं साफ करणारा, सगळ्यांनी नाव घेतलं पाहिजे. कचऱ्याच्या डब्यांत जो शेवटचा काळा डबा, ज्यात कशातच न बसणारा कचरा जातो, त्यावर त्यांनी अम्मिट काढली होती. सुसरीचं तोंड, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. जोखण्यात जो नापास होतो त्याचं काळीज ती खाते. चुकून प्लास्टिकचा डबा तिच्यात टाकला की मालक वर येऊन म्हणायचे, "तिला उगाच काही घालू नका. तिची भूक वेगळी आहे."

शनिवारी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. काटा पूर्ण स्थिर होईपर्यंत ते पिशवी पुढे करायचे नाहीत, मागे रांग ताटकळली तरी. चेरीवाल्या बाईने प्रेमाने दोन चेरी जास्त टाकल्या तर त्या उचलून परत ठेवायचे.

मी हे सगळं कँटीनमध्ये रंगवून सांगायचो. पुण्याचे दोघेतिघे होते, त्यांना माझी नक्कल फार आवडायची. चष्मा कपाळावर चढवून "सगळी?" म्हटलं की हशा ठरलेला. लाज वाटायला तिथूनच सुरुवात करावी लागेल. ज्या माणसाने मला फोल्डर न बघता घर दिलं, दर रविवारी जेवायला खाली बोलावलं, त्याला मी दुपारच्या डब्याबरोबर वाटून खात होतो.

रविवारी ते दाम्फनुडल करायचे. वाफेवर फुगवलेला पावासारखा गोळा, वरून मऊ, खालून खारट खरपूस. दोघांचे चार, आणि पाचवा बायकोचा. बाई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा गोळा वाडग्यात ठेवण्याआधी मालक वाडग्याच्या आत पत्र लिहायचे, कडेपासून गोल गोल बुडापर्यंत. लिहायला केकवर नाव काढायची काळी पेन्सिल, कारण साधी शाई पोटात गेली तर बरं नव्हे. हे वेड त्यांच्या मनचं नव्हतं. जुन्या इजिप्तमध्ये लोक असंच करायचे. माणूस जोखण्यातून सुटला की त्याचा अख होतो. अख म्हणजे तिकडचा, पण इकडे लक्ष असलेला. तो बिघडवू शकतो, सुधारू शकतो. म्हणून घरचे लोक वाडग्यात पत्र लिहून वर अन्न ठेवायचे. खाताखाता तो वाचणार.

पत्रात प्रेमाचं अक्षर नसे. बॉयलरची कागदपत्रं कुठे ठेवलीस. मुलगी फोनवर पूर्वीसारखं बोलत नाही, जरा बघ. वरचा भाडेकरू स्वच्छ आहे पण खोकला अंगावर काढतो. माझं नाव वाडग्यात आलेलं पाहून मला गंमत वाटली होती. वाडगा रात्रभर स्वयंपाकघरात राहायचा, आणि सोमवारी सकाळी मालक तो गार गोळा स्वतः खायचे. "पत्ता सापडला नाही," म्हणायचे, "पोस्ट परत. न्यायला कुणी आलं नाही की पाठवणाऱ्याने सोडवून घ्यायचं."

असंच एका रविवारी माझ्या तोंडून गेलं, की आमच्याकडे कावळा नेतो.

मालकांचा काटा हवेतच थांबला. मग सगळं सांगावं लागलं. मी सातवीत असताना आमचे नाना, म्हणजे वडिलांचे वडील, गेले. कराडला नदीवर दहाव्याला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एक खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. आत्याने दिला, काकांनी दिला, काही होईना. माझे वडील गणिताचे मास्तर, कशावर विश्वास नसलेले. ऊन चढलं तसे शेवटी तेच पुढे झाले आणि म्हणाले, "नाना, तुमची सायकल मी विकणार नाही." कावळा ताबडतोब आला.

"आणि सायकल?" मालकांनी विचारलं.

"आहे अजून. घरात भिंतीला टांगलीय."

त्यांना पुरावा हवा होता. निरीक्षकच शेवटी. मी बाबांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला, मालकांनी तो छापून स्वयंपाकघरात लावला. आणि पुढच्या रविवारपासून वाडगा बाहेर बागेच्या कठड्यावर गेला. चार हजार वर्षांच्या पद्धतीत एवढीच एक उणीव होती, न्यायला कुणी नव्हतं, ती तुम्ही भरून काढलीत, असं ते मला म्हणाले. मी फुशारून गेलो होतो. आम्ही दोघं खिडकीत उभे राहायचो. जंगलातला एक कावळा यायला लागला. मालक त्याला 'साहेब' म्हणायचे. उशीर झाला की कठड्यापाशी जाऊन ते एकेक शब्द द्यायचे. गोळ्या वेळेवर घेईन. मुलीशी नीट बोलेन. कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं, आणि साहेब आले की मात्र मला कोपर मारायचे.

शेजाऱ्यांना हे दिसत होतं. म्हातारा माणूस थंडीत भिंतीशी उभा राहून भांड्याशी बोलतो आणि अन्न बाहेर टाकतो. उंदीर होतील म्हणून एकाने चिठ्ठी टाकली, दुसऱ्याने म्युनिकला मुलीला फोन केला. त्याच महिन्यात मालक एकदा भांडं शेगडीवर विसरून बाजारात गेले, स्वयंपाकघर धुराने भरलं. मुलगी आली. वाईट नव्हती ती बाई. दमलेली होती, नोकरी सांभाळून दर पंधरा दिवसांनी इतक्या लांब येणं तिला जमत नव्हतं. तिने कोर्टात अर्ज केला. मालकांचे निर्णय घ्यायला कुणीतरी नेमावं, घर विकून त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवावं. मालकांचं म्हणणं एकच होतं, मला माझ्या दारांमध्ये मरू द्या.

चौकशीला कोर्टाकडून एक बाई आल्या. मालकांशी तासभर बोलल्या, मग मला खाली बोलावलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, मालक शेजारच्या खोलीत. मधलं दार उघडं होतं. बाई आत येताना पांढऱ्या दातांच्याचं नाव घेऊन आल्या होत्या, हे मला मालकांनी हळूच सांगितलं होतं. त्यांना ती फार आशेची गोष्ट वाटत होती.

बाई माझ्याशी सावकाश, सोपं जर्मन बोलत होत्या, लहान मुलाशी बोलतात तसं. मला त्याचाच आधी राग आला. भांडं एकदाच विसरले का, गोळ्या घेतात का, हे सगळं मी ठीक सांगितलं. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"हे म्हणतात की पक्ष्यासाठी अन्न ठेवायची पद्धत त्यांना तुम्ही सांगितली. मृतांसाठी. तुमच्या देशात ती आहे म्हणतात." त्यांनी पेन उचललं. "मला हे नीट लिहायचंय. एखाद्याची रीत असेल तर ती मी रीत म्हणून लिहीन, आजार म्हणून नाही. आहे का अशी पद्धत?"

इतकं सोपं करून विचारलं होतं. रस्ता काढून दिला होता त्या बाईंनी. आणि मी काय केलं, तर हसलो.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे असं काही नसतं. मी इंजिनिअर आहे. फोटो आजोबांच्या सायकलचा आहे, बस."

बाईंनी लिहून घेतलं.

का म्हणालो असं? जर्मनीत कायम राहायच्या परवान्याचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडलेला होता, आणि कुठल्याही सरकारी कागदावर उंदीर, अन्न, तक्रार यांच्याशेजारी माझं नाव नको होतं. हे एक कारण. दुसरं त्याहून फुटकळ. त्या नीटनेटक्या बाईंसमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. पिंड, कावळा, शब्द देणं, हे सगळं जर्मनमध्ये बोललो असतो तर त्या सावकाश आवाजात आणखी सावकाश बोलल्या असत्या, असं मला वाटलं. माझा बाप कडक उन्हात नदीकाठी उभा राहून सायकलीचा शब्द देत होता, त्याला मी एका वाक्यात पुसून टाकलं. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाची तर गोष्टच सोडा.

बाई गेल्या. मी जिन्याकडे निघालो तर मालक दारात उभे. चष्मा कपाळावर.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

ते पुढे म्हणाले, "बरं झालं. बेचाळीसवाल्याशेजारी राहताना मला नेहमीच जरा अवघडायचं."

टोमणा नव्हता तो. मी फार शोधला त्यात टोमणा, अजूनही शोधतो. शिव्या दिल्या असत्या तर मी वर जाऊन रागावून तरी बसलो असतो. त्यांनी मला कॉफी विचारली.

माझ्या एका वाक्याने सगळं झालं असं नाही. डॉक्टरांचा कागद होता, भांड्याचा धूर होता. ही माझ्या मनाची समजूत मी इतक्या वेळा घातलीय की तिला आता झिजून भोक पडलंय. काट्यावर शेवटचं वजन कोणतं होतं हे मला सांगता येत नाही, पण एक वजन मी ठेवलं होतं, आणि तेही खोटं, हे मला पक्कं माहीत आहे. उन्हाळ्यात घर विकलं गेलं. दारांवरची कार्डं मालकांनी स्वतः, एकेकाचं नाव घेऊन, सुरीच्या टोकाने काढली. मी शिडी धरून उभा होतो.

संस्थेत मी त्यांना दोनदा भेटलो. दीड वर्षात दोनदा. तिथली दारं आपोआप उघडायची, नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. वाडग्यात लिहायचीही सोय नव्हती, जेवण खणाच्या ताटात यायचं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बराच वेळ ओळखलं नाही. मग निघताना एकदम म्हणाले, "सायकल आहे अजून?" मी म्हणालो, आहे. त्यांनी समाधानाने मान हलवली. मी गाडी पकडायची म्हणून निघालो, आणि गाडीला पाऊण तास होता.

पुढे मला म्युनिकला नोकरी मिळाली. तिथेच एका शरद ऋतूत त्यांच्या मुलीचा फोन आला. महिन्यापूर्वी गेले. तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलीय, चिठ्ठी लावून. आम्ही एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनवर भेटलो. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाडगा दिला. मी तिथेच उघडला, आत पाहिलं, उलटा करून पाहिलं. कोरा होता. त्यांनी मला काहीच लिहिलं नव्हतं, नुसता वाडगा दिला होता. तिला सगळं सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण वडिलांना तिथे ठेवलं याचं ओझं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्यात माझी भर कशाला, म्हणून गप्प राहिलो. हे खरं कारण की सोयीचं, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

त्या रविवारी दाम्फनुडल केले. पीठ काही फुगलं नाही, दगड झाले. केकवर लिहायची पेन्सिल आणली. वाडग्यात कडेपासून लिहायला घेतलं तर इतक्या वर्षांत सांगायचं साचलेलं सगळं दोन वाक्यांत संपलं. वर एक गोळा ठेवला आणि वाडगा बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून उभा राहिलो. समोरच्या झाडावर कावळे होते, नाही असं नाही. मी शब्द द्यायला लागलो. मराठीत दिला, जर्मनमध्ये दिला. तुमची नक्कल करणार नाही. वजनात खोट करणार नाही. एक कावळा मान वाकडी करून बघत होता, तेवढंच.

तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतल्या बाई पायपुसणं झटकायला बाहेर आल्या. वाडग्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे पक्ष्यांसाठी आहे का. इथे पक्ष्यांना घालायला मनाई आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"कावळ्यासाठी आहे," मी म्हणालो. "माझे घरमालक वारले. आमच्याकडे अशी पद्धत आहे."

"आखसो," बाई म्हणाल्या. असं होय. त्यांनी पायपुसणं आणखी दोनदा झटकलं, तुमच्या दुःखात सहभागी आहे म्हणाल्या आणि आत गेल्या.

झालं. एवढंच होतं. जीभ टाळ्याला चिकटवून मी ज्याला भ्यालो होतो, ज्याच्यापायी एका माणसाची दारं गेली, ते सगळं मिळून एक 'आखसो' होतं.

कावळा शिवला नाही. अंधारायला लागलं तसा वाडगा आत घेतला. न्यायला कुणी आलं नाही की पाठवणाऱ्याने सोडवून घ्यायचं, हा नियम मला ठाऊक होता. मी टेबलाशी बसलो आणि तो गार, कडक गोळा चावून चावून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. खाली माझंच अक्षर होतं, थोडं फिसकटलेलं, पण वाचता येत होतं. मी खोटं बोललो. आमच्याकडे कावळा असतो.